मॉडेल रेल्वेची पेटी आणि तपासणीची फळी घरीच तयार व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरात आलेले मॉडेल रेल्वेचे इंजिन पुढच्या सुट्टीत पेटीतून बाहेर काढले की हलतच नाही, अशी तक्रार घेऊन सोलापुरातील पालक आणि मुले अधूनमधून माझ्याकडे येतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक म्हणून मी नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर १:८७ या प्रमाणातील गाड्यांचा छंद जोपासतो आहे, एवढाच माझा या विषयातला अधिकार. गेल्या वर्षभरात माझ्या टेबलावर अशी चार इंजिने आली. त्यांपैकी एका इंजिनाच्या बाबतीत तर, ‘मोटर जळाली आहे, नवे इंजिन घ्या,’ असा सल्ला त्या मुलाच्या वडिलांना एका दुकानात मिळाला होता. मी चारही इंजिने उघडली. एकाचीही मोटर जळालेली नव्हती. पहिल्याच्या आसाभोवती कापसाचे बारीक तंतू इतके घट्ट गुंडाळले गेले होते की दातेरी चाक फिरूच शकत नव्हते. दुसऱ्याच्या एका चाकजोडीतील अंतर कमी झाले होते. तिसऱ्याच्या पोटाला पेटीतील स्पंज विरघळून चिकटला होता. चौथे इंजिन कपड्यांच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवले होते आणि त्याच्या डब्यांचे प्लॅस्टिक मऊ पडून वाकले होते. इंजिनाचे दोष धुऊन-पुसून गेले, डबे मात्र वाचले नाहीत.

ही चारही इंजिने धावताना बिघडलेली नव्हती. ती ठेवलेली असताना बिघडली आणि तपासल्याशिवाय पुन्हा रुळावर ठेवल्यामुळे निकामी समजली गेली. आणखी एक इंजिन विकत घेण्याआधी प्रत्येक घरात गाड्या ठेवण्याची एक नीट पेटी आणि गाड्या तपासण्याची एक फळी तयार व्हायला हवी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या दोन्ही वस्तू बाहेरून मागवण्याची गरज नाही. त्यासाठी लागणारे बहुतेक सामान आपल्या शहरात, आणि त्यातले बरेचसे टाकाऊ म्हणून, उपलब्ध आहे.

तपासल्याशिवाय गाडी रुळावर आणू नये, हा धडा आपल्याच जिल्ह्यातील एका रेल्वेने फार पूर्वी दिला आहे. सोलापूरला मोठ्या मापाची रेल्वे १८६० मध्ये पोहोचली. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर रुंदीची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी या गाडीसाठी आखलेली वाहने मार्ग सुरू होण्याच्या आधीच, १८९४ मध्ये, इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले येथे खास टाकलेल्या रुळांवर चालवून दाखवली होती. प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येणार नाही आणि तो सर्व वाहनांवर सारखा विभागला जाईल, हे त्यांच्या आखणीचे मूळ सूत्र होते. हलक्या रुळांवरून भरपूर माल नेता येतो, हे कागदावर पटवून देण्यापेक्षा त्यांनी ते आधी रुळांवर सिद्ध केले. बार्शी लाइट रेल्वे पुढे लातूर आणि मिरजेपर्यंत गेली, आणि तिचे जुने रूळ उखडून आता तेथे मोठ्या मापाचे रूळ आले आहेत. त्या गाडीतून पंढरपूरला गेलेली माणसे आजही आपल्यात आहेत, आणि त्यांची नातवंडे आज इंजिने हातात घेऊन बसली आहेत.

आधी पेटीविषयी लिहितो, कारण बहुतेक नुकसान तेथेच होते.

पेटीचे माप अंदाजाने धरू नये. खऱ्या डब्यावरून काढावे. हल्ली आपल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना असलेला एलएचबी डबा जोडणीसह २४ मीटर लांब आणि ३.२४ मीटर रुंद असतो. त्याला ८७ ने भागले की मॉडेलची लांबी सुमारे २७६ मिलीमीटर आणि रुंदी ३७ मिलीमीटर येते; रुळापासूनची उंची ४६ ते ४७ मिलीमीटर. त्यामुळे प्रत्येक कप्पा २९० मिलीमीटर लांब, ५० मिलीमीटर रुंद आणि ६० मिलीमीटर खोल ठेवला की डबा सैलही पडत नाही आणि काढताना पायदांड्याही मोडत नाहीत. विकत मिळणाऱ्या मॉडेलमध्ये पुष्कळदा लांबी थोडी कमी केलेली असते, म्हणून कप्पा कापण्यापूर्वी आपला डबा पट्टीने मोजून घ्यावा. सहा मिलीमीटरच्या प्लायचा तळ, बारा मिलीमीटरच्या प्लायच्या बाजू आणि वर सरकते झाकण एवढी चौकट कोणताही सुतार दुपारभरात करून देतो. आठवीतला मुलगा ती स्वतःच्या हाताने करू शकतो, आणि त्याने ती स्वतःच करावी असे मला मनापासून वाटते.

कप्प्यांच्या आडव्या-उभ्या भिंतींसाठी सोलापूरसारखी सोय क्वचितच दुसऱ्या शहरात असेल. पूर्व भागातील अनेक कारखान्यांत जेकार्डचे जुने पुठ्ठे पडून आहेत. चादरीवरची नक्षी ज्या भोकांच्या आधारे विणली जात असे ते हे पुठ्ठे. इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यानंतर त्यांच्या माळा रद्दीत जाऊ लागल्या. हा पुठ्ठा कडक असतो, ओलाव्याने लगेच वाकत नाही, आणि त्याच्या भोकांमुळे कप्प्यात हवा खेळती राहते. मी अशा पुठ्ठ्यांना निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून ते एकमेकांत अडकवतो. खिळा किंवा सरस लागत नाही. एक काळजी मात्र घ्यावी. भोकांच्या कडांवरून कागदाची भुकटी गळते, म्हणून कापल्यानंतर दोन्ही बाजूंना पातळ व्हार्निशचा एक हात द्यावा आणि दोन दिवस उन्हात वाळवून वास गेल्यावरच गाडी आत ठेवावी.

गाडीच्या खाली आणि बाजूला काय घालावे, यात लोक सर्वांत जास्त चुकतात. गादीचा पिवळसर स्पंज कधीही वापरू नये. काही वर्षांत तो चिकट होतो, चुरगळतो, आणि रंगाला धरून बसतो. माझ्याकडे आलेल्या तिसऱ्या इंजिनाचे हेच झाले होते. सोलापूरचा टॉवेल अंग पुसायला उत्तम आहे, पण त्याच्या विणीतील फासे डब्याच्या कठड्यात, पायऱ्यांत आणि जोडणीच्या आकड्यांत अडकतात, शिवाय तंतू सुटतात. टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यात येणारा पांढरा, गुळगुळीत, पानापानांचा फोम या कामासाठी चांगला. तो पॉलिथिनचा असल्यामुळे रंगाशी त्याचा वाद होत नाही. डांबरगोळ्यांविषयी तर पुन्हा एकदा सांगतो. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनसारखे प्लॅस्टिक मऊ होते. ज्या कपाटात गोळ्या आहेत, त्या कपाटात, वेगळ्या कप्प्यातसुद्धा, गाड्या ठेवू नयेत.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार केल्याशिवाय येथील पेटी पुरी होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालील माळ्यावर त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते. आजकाल मुले थ्रीडी प्रिंटरवर काढलेले डबे आणि इमारती आणतात. त्यांतले पीएलए नावाचे प्लॅस्टिक सुमारे साठ अंशांना मऊ पडू लागते. म्हणून पेटीची जागा माळ्यावर नसावी, ती कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असावी. यंत्रमागांच्या वस्तीत राहणाऱ्यांनी झाकणाच्या खाचेत फेल्टची एक पट्टी बसवावी. तेथील हवेत सुताचे कण सतत असतात, आणि फिरणाऱ्या आसाला ते फार लवकर धरतात. पहिल्या इंजिनाची कहाणी त्याच वस्तीतली होती, आणि त्या मुलाचा त्यात काहीही दोष नव्हता.

पेटीच्या जोडीला आणखी एक वस्तू सुचवतो, जिने माझ्या घरातली मोडतोड जवळजवळ थांबवली. गाडी पेटीतून काढणे, एकेक डबा रुळावर चढवणे, खेळून झाल्यावर पुन्हा उतरवणे, या हाताळणीतच चाके वाकडी होतात आणि बारीक भाग तुटतात. त्याऐवजी संपूर्ण गाडी ज्यात उभी राहते अशी एक लांब पन्हळ करावी. नऊ मिलीमीटर जाडीची, ७५ मिलीमीटर रुंद आणि १२०० मिलीमीटर लांब अशी प्लायची पट्टी घ्यावी. तिच्यावर २० बाय २० मिलीमीटरचे, दीड मिलीमीटर जाडीचे ॲल्युमिनियमचे दोन एल अँगल असे बसवावेत की त्यांच्या आडव्या पात्या एकमेकींकडे तोंड करून राहतील आणि त्यांच्या कडांमध्ये बरोबर १६.५ मिलीमीटर अंतर असेल. चाके त्या पात्यांवरून धावतात, चाकांच्या कडा मधल्या फटीत उतरतात, आणि उभ्या पात्या दोन्ही बाजूंना भिंतीसारख्या उभ्या राहतात. दोन भिंतींमध्ये साडेत्रेपन्न मिलीमीटर जागा मिळते, त्यामुळे ३७ मिलीमीटरचा डबा कुठेही घासत नाही. एक इंजिन आणि तीन पूर्ण लांबीचे डबे या पन्हळीत बसतात. टोकांना फोमचे तुकडे खोवले की ती उचलून दुसऱ्या खोलीत नेता येते, आणि मुख्य रुळांच्या टोकाला लावली की गाडी आपल्या पायांनी बाहेर पडते.

ॲल्युमिनियमला साधे सोल्डर धरत नाही, हे येथे लक्षात ठेवावे. वीज देण्यासाठी तारेच्या टोकाला रिंग लावून ती स्क्रूने अँगलला कसावी. स्क्रूचे डोके पात्यात पूर्ण बुडेल इतके भोक खोलगट करावे आणि स्क्रू भिंतीच्या जवळ घ्यावा, म्हणजे चाकाच्या वाटेत तो येणार नाही. मी पहिल्या पन्हळीत स्क्रू मध्ये घेतले होते, आणि प्रत्येक डबा प्रत्येक स्क्रूवर उडी मारत होता. सबंध काम उकलून पुन्हा करावे लागले.

आता तपासणीविषयी. खऱ्या रेल्वेत प्रवासी गाडीचा रेक फेरी संपवून आला की पिट लाइनवर, म्हणजे खाली खड्डा असलेल्या रुळावर, घेतला जातो आणि त्याच्या चाकांपासून ब्रेकपर्यंत सर्व काही खालून पाहिले जाते. आपल्या मोठ्या मापाच्या रुळांची रुंदी १६७६ मिलीमीटर आहे आणि एका आसावरील दोन चाकांच्या आतल्या पृष्ठभागांमधले अंतर १६०० मिलीमीटर असावे, असा दंडक आहे. त्यात सूट फक्त एक-दोन मिलीमीटरची. ज्या रेल्वेत हजारो टन वजन धावते, तेथे दीड मीटरहून मोठ्या अंतरात एवढीच सूट देतात, तर आपण आपल्या छोट्या चाकांकडे डोळेझाक कशी करावी? १६.५ मिलीमीटरच्या रुळांवर चालणाऱ्या चाकजोडीचे आतले अंतर सुमारे १४.४ मिलीमीटर लागते. पितळेचा एक तुकडा कानशीने घासून, व्हर्निअरने मोजत-मोजत १४.४ वर आणावा. तो चाकांमध्ये खडखड न करता सरकला पाहिजे. एवढे साधे साधन नसल्यामुळे सांध्यांवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तेथे, गाडी घसरते आणि दोष रुळांना दिला जातो. माझ्याकडचे दुसरे इंजिन असेच होते. चाक हाताने फिरवत किंचित बाहेर ओढले, पितळेचा तुकडा घातला, आणि तीन महिने प्रत्येक सांध्यावर पडणारी गाडी त्या संध्याकाळी एकदाही पडली नाही. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

विजेची तपासणी करताना मुलांच्या हाती काहीही जळू नये, ही पहिली अट. आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनजवळ सिरीज बोर्ड असतो. दुरुस्तीला आलेली वस्तू तो आधी बल्बमधून जोडून पाहतो. तेच तत्त्व येथे बारा व्होल्टवर वापरावे. घरात जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बहुधा पडलेला असतो. त्यावरील आकडा वाचून तो किमान दोन अँपिअरचा असल्याची खात्री करावी. त्याच्या एका तारेत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घालावा. बल्बची तार थंड असताना तिचा विरोध अगदी कमी असतो आणि तापली की तो अनेक पटींनी वाढतो. चांगले इंजिन पाव अँपिअरच्या आसपास वीज घेते तेव्हा बल्ब जवळजवळ विझलेलाच राहतो आणि इंजिनाला पुरेसा दाब, म्हणजे व्होल्टेज, मिळतो. कुठे शॉर्ट सर्किट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि वीज पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊच शकत नाही. मोटारसायकलचा १० वॅटचा बल्ब घातला तर ही मर्यादा सुमारे ०.८३ अँपिअरवर येते. लहान इंजिनासाठी, आणि एक अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरसाठीही, तोच बरा. पालकांना मात्र माझी कळकळीची विनंती आहे की घरातल्या २३० व्होल्टचा सिरीज बोर्ड या कामासाठी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. प्रत्येक रूळ उघडी तार असतो आणि मुलांची बोटे सतत त्यावर असतात.

दाब कमी-जास्त करण्यासाठी एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, २४० ओहमचा एक रेझिस्टर आणि पाच किलोओहमचे एक पॉट, म्हणजे फिरवून विरोध बदलता येणारा रेझिस्टर, एवढ्यावर भागते. बारा व्होल्ट दिले तर बाहेर सव्वा व्होल्टपासून सुमारे दहा व्होल्टपर्यंत मिळतात. तपासणीला तेवढे पुरतात. रेग्युलेटर गरम होतो, त्याला ॲल्युमिनियमचा पत्रा जोडावा. मल्टिमीटर लावून प्रत्येक इंजिन सहा व्होल्टवर किती वीज घेते, हे वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे. या वहीइतके उपयोगी साधन माझ्याकडे दुसरे नाही. माझे एक डिझेल इंजिन नवे असताना सहा व्होल्टवर ०.१८ अँपिअर घेत होते. मागच्या पावसाळ्यानंतर ०.२७ झाले. ते धावत होते, कोणालाही शंका आली नसती. उघडले तेव्हा दातेरी चाकांतील ग्रीस घट्ट झालेले दिसले. ते तसेच चालवले असते तर मोटर खरोखरच जळाली असती.

इंजिन जागच्या जागी धावावे आणि त्याची चाके, आस, जोडदांडे डोळ्यांसमोर फिरताना दिसावेत, यासाठी रोलर लागतात. त्यांच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि सर्वांत जास्त शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खऱ्या इंजिनाचे चाक १०९२ मिलीमीटरचे, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा मिलीमीटरचे. त्याच्याखाली १० मिलीमीटर बाहेरील व्यासाची, ३ मिलीमीटर भोकाची ६२३ नंबरची दोन बॉल बेअरिंगे शेजारी ठेवली की चाक त्यांच्यावर पाळण्यासारखे बसते. प्रत्येक आसाला अशी चार बेअरिंगे. डाव्या आणि उजव्या बेअरिंगांच्या आतल्या कडांमध्ये १६.५ मिलीमीटर अंतर ठेवावे, म्हणजे चाकाची धाव बेअरिंगवर टेकते आणि कड आतल्या बाजूला मोकळी राहते. बेअरिंगे पितळेच्या छोट्या कंसांवर बोल्टने बसवावीत. डावे आणि उजवे कंस अॅक्रिलिकच्या पट्टीने एकमेकांपासून वेगळे ठेवावेत, कारण त्यांच्यातूनच इंजिनाला वीज जाते. कंस पुढे-मागे सरकवता आले पाहिजेत, प्रत्येक इंजिनाच्या आसांतले अंतर वेगळे असते.

माझे पहिले रोलर तयार झाले तेव्हा इंजिन आचके देत होते. मी इंजिनावरच संशय घेतला आणि ते दोनदा उघडले. दोष बेअरिंगांमध्ये होता: आत भरलेले ग्रीस विजेला अडवत होते. बेअरिंगे पेट्रोलमध्ये धुऊन त्यांत अगदी पातळ तेलाचा अंश ठेवल्यावर सुधारणा झाली, तरी पूर्ण समाधान झाले नाही. शेवटी प्रत्येक बेअरिंगच्या बाहेरील कड्याला फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्टीचा हलका स्पर्श दिला आणि वीज त्या पट्टीतून घेतली. तेव्हापासून एकाही इंजिनाने आचका दिलेला नाही. पेट्रोलचे हे काम मोठ्या माणसाने, अंगणात, आगीपासून दूर करावे.

डब्यांची तपासणी त्याहून सोपी आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. एक मीटर लांबीच्या सरळ फळीवर रूळ ठोकावेत आणि एक टोक हळूहळू उचलावे. टोक २० मिलीमीटर उचलले की ५० ला १ चढ झाला, १० मिलीमीटरला १०० ला १. बोरघाटातला ३७ ला १ हा चढ, जो मुंबईला जाताना आपण सर्वांनी अनुभवला आहे, या फळीवर २७ मिलीमीटरला मिळतो. डबा ज्या उंचीवर आपोआप घरंगळू लागतो, ती उंची म्हणजेच त्याच्या आसांतील घर्षण. २० मिलीमीटरपर्यंतही डबा हलला नाही तर आसाच्या टोकात तंतू आहे किंवा बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, चौकट आवळली गेली आहे, असे समजावे. वजनही पाहावे. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे या प्रमाणातील डब्याचे वजन एक औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस असावे. आपल्या २७६ मिलीमीटरच्या डब्याला ते सुमारे १८० ग्रॅम येते, आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यासाठी पुरतो. १८० ग्रॅमचा डबा ५० ला १ वर सुटत असेल तर इंजिनाला तो ओढायला साडेतीन ग्रॅमहून थोडे अधिक बळ लागते. १०० ला १ वर सुटत असेल तर त्याच्या निम्मे. म्हणजे आस स्वच्छ केले की तेच इंजिन दुप्पट डबे ओढू शकते. नवे, अधिक ताकदीचे इंजिन घेण्याचा हट्ट करणाऱ्या मुलांना मी आधी ही फळी दाखवतो.

वेगासाठी एक मीटर अंतर कापायला किती सेकंद लागले ते मोजावे आणि ३१३ ला त्या आकड्याने भागावे. खऱ्या गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये मिळतो.

फळीवर रूळ बसवताना टोकांना थोडी फट सोडावी. मी माझी फळी डिसेंबरात केली आणि रूळ दोन्हीकडून घट्ट अडवले. मे महिन्यात ते मधोमध उचलले गेले. निकेल सिल्व्हर, म्हणजे ज्याला आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात, त्याचा एक मीटर लांबीचा तुकडा तीस अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मिलीमीटर वाढतो. आकडा लहान वाटतो, पण त्याला जायला जागा नसेल तर रूळ धनुष्यासारखा वाकतो. रेल्वेचे कर्मचारी भर उन्हात रुळांवर गस्त का घालतात, ते मला त्या दिवशी अगदी जवळून समजले.

पुण्यात कोथरूडला १९९८ पासून लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. सहलीहून परत आलेली आपली मुले तसे काहीतरी घरी करू पाहतात आणि वर्षभरात निराश होतात. त्यांची निराशा टाळता येण्यासारखी आहे, म्हणून आपल्या दैनिकामार्फत काही विनंत्या करतो. ज्यांच्या कारखान्यात जेकार्डचे जुने पुठ्ठे आहेत, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी जवळच्या शाळेला विचारावे. शाळांमध्ये कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलांच्या जोडीने चाकांचे माप घासणे, उताराची फळी करणे, बल्बची सिरीज जोडणे ही कामे घेता येतील. त्यात सुतारकाम, फिटरकाम, वीज आणि गणित यांचा एकत्र अभ्यास होतो. सोलापूर विज्ञान केंद्रात अशी एक तपासणीची फळी रोलरसह कायमची मांडली गेली, तर ज्यांच्या घरी जागा नाही अशा मुलांनाही आपले इंजिन तेथे आणून पाहता येईल. त्यासाठी लागणारी फळी आणि रोलर मी स्वखर्चाने करून देण्यास तयार आहे.

पेटी, पन्हळ, रोलर आणि उताराची फळी यांचे पूर्ण मापाचे आराखडे मी पेन्सिलीने कागदावर काढले आहेत. आपण परवानगी दिल्यास त्यांच्या छायाप्रती आपल्या सोलापूर कार्यालयात आणून ठेवीन. ज्यांना हव्या असतील त्यांनी त्या विनामूल्य न्याव्यात, आणि मापांत काही चूक आढळल्यास त्याच कागदाच्या मागे लिहून तेथे परत ठेवावी, म्हणजे मला ती दुरुस्त करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
जुळे सोलापूर